मोठेपणी पांढरा होणारा ससा

कोंडगाव, ता. सुधागड
११ मार्च १९५८

ती. नीराआत्यास,
दत्तात्रेयचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. बदलीचं अजून काही कळलेलं नाही. केसरची दवाखान्यातली पाळी सध्या सकाळची आहे की रात्रीची? ती ड्यूटीवर असताना जनी तुला फार त्रास देत नाही ना? बायको-मुलगी तुझ्याकडे ठेवून मी इकडे, म्हणून विचारतो.

पत्र लिहिण्याचं कारण निराळं आहे. काल इथला शेतकरी बाळाजी राब भाजायला गेला होता. भाताचं रोप टाकायच्या जागेवर इकडे शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्या रचून जाळतात, त्याला राब म्हणतात. त्या रचलेल्या पाल्याखाली सशाचं पिल्लू निघालं. मुठीत मावेल एवढं. डोळे उघडे, अंगावर केस, पण पळत नाही. आई कुठे दिसली नाही. बाळाजी म्हणाला, "आय सोडून गेली, मास्तर. आनि आता मान्साचा हात लागलाय, ती काय घ्यायची न्हाय त्याला." म्हणून मी घरी आणलं. गवत घातलं, भोपळ्याची फोड दिली, तोंड लावत नाही.

तू प्राणिशास्त्र शिकलेली. शाळेत मुलींकडून खारी, पोपट वाढवून घेतलेस. याला काय द्यायचं ते उलट टपाली कळव. मुका जीव आहे. भूतदया म्हणून तरी तो वाचला पाहिजे.
तुझा
दत्तात्रेय


अलिबाग
१३ मार्च

चि. दत्तूस आशीर्वाद.
राब म्हणजे काय ते समजावून सांगितलंस, आभारी आहे. जन्म कुलाबा जिल्ह्यात काढूनही ही माहिती मला अजून मिळायची होती.

आधी तुमची चूक ऐक. त्या पिल्लाला आईने सोडलेलं नव्हतं. सशीण दिवसा पिल्लाजवळ बसत नाही. बसली तर कोल्ह्याला आयता पत्ता मिळेल. ती लांब राहते, दिवेलागणीनंतर येते, पाजते आणि निघून जाते. पिल्लू तोवर हलत नाही, कारण न हलणं एवढंच त्याला येतं. म्हणजे तुम्ही दोघा पुरुषांनी आई असलेलं, अंगावर पिणारं मूल उचलून आणलंत, त्याला अनाथ ठरवलंत आणि वर भोपळा चारता आहात. हात लागला की आई घेत नाही, हे बाळाजीला कोणी सांगितलं? सशिणीने? बाळाजी शाळेत गेला नाही, त्याला मी काही म्हणत नाही. तुला ट्रेनिंग कॉलेजात सरकारने दोन वर्षं पोसलं, ते कशासाठी हे मला अजून कळलेलं नाही.

उपाय एकच. हे पत्र मिळेल त्या संध्याकाळी पिल्लू जिथून उचललं तिथे, बांधाच्या गवतात ठेव आणि घरी जा. झाडामागे उभं राहून गंमत बघायची नाही. आई येईल.

ते जमलं नाही, आणि तुझ्या बाबतीत ही शक्यता धरावीच लागते, तर त्याला ऊब आणि अंधार दे. आणि मला कळव. तोवर डोकं चालवू नकोस.
नीरा


कोंडगाव
१७ मार्च

ती. आत्यास सा. न.
तुझं पत्र येण्याआधीच राब भाजून झाला. बांधावरचं गवतही जळलं. तिथे आता काळ्या राखेशिवाय काही नाही, त्यामुळे परत ठेवणं शक्य नाही.

दरम्यान मी स्वस्थ बसलो नव्हतो. शेजारच्या बाईंनी बोंडलं दिलं. त्यातून म्हशीचं दूध साखर घालून पाजलं. सुटीत जनीला पाजत होतो तसंच मांडीवर उताणं घेऊन. दोन दिवस बरं चाललं. काल नाकातून दूध आलं आणि शिंकल्यासारखं करायला लागलं. पोट ढोलकीसारखं झालं आहे आणि शेपटीखाली घाण चिकटली आहे. कान गार लागतात. आत्या, हे मरता कामा नये. तू समजतेस त्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. काय करू ते लगेच लिही.
दत्तात्रेय


अलिबाग
१९ मार्च

चि. दत्तूस,
डोकं चालवू नकोस म्हणून मी लिहिलं होतं. ते पत्र उशिरा पोचलं हे त्या प्राण्याचं नशीब.

म्हशीचं दूध, साखर, बोंडलं आणि उताणं. चारात एक तरी गोष्ट चुकून बरोबर यावी, तेही नाही. उताण्या प्राण्याच्या नरड्यात दूध ओतलं की ते पोटात जात नाही, छातीत जातं. नाकातून आलं ते हेच. आता मी लिहिते तेवढंच कर.

आज दूध अजिबात पाजू नकोस. उकळून कोमट केलेलं पाणी, मिठाची कणी घालून, थेंबाथेंबाने. उद्यापासून शेळीचं दूध, कोमट, साखर न घालता. सोबत ड्रॉपर पाठवते आहे. तो बाजारातून विकत घेतला आहे. केसर दवाखान्यातली वस्तू घरी आणत नाही, हे तुला ठाऊक असेल अशी आशा आहे. पिल्लाला चार पायांवर बसवायचं, डोकं जरा वर. थेंब ओठाला लावायचा आणि थांबायचं. चाटलं तर दुसरा. घाई तुला आहे, त्याला नाही. पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकं पुसायचं. आई चाटते ती लाडाने नाही. त्याशिवाय एवढ्या पिल्लाचं मूत्रविसर्जन होत नाही. हे काम मास्तरकीला शोभत नसेल तर दार लावून घे. टोपलीत जुनं धोतर, त्याखाली कोमट पाण्याची बाटली, वर झाकण. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचं नाही.

आता तुझ्या भूतदयेकडे वळते. तुझं पत्र मी केसरला वाचून दाखवलं. ती जनीला भात भरवत होती. "तू समजतेस त्यापेक्षा महत्त्वाचं" हे ऐकून तिचा हात थांबला. म्हणाली, "आत्याबाई, तो ससा डिपोटीणबाईंचा आहे."
"कोणाचा?"
"शाळा तपासायला डिपोटी येतात ना, त्यांच्या बायकोचा. माघात त्या बल्लाळेश्वराच्या दर्शनाला पालीला आल्या होत्या. ह्यांनी त्यांची पिशवी धरली, चपला सांभाळल्या. त्या म्हणाल्या, आम्हाला ससा पाळायची फार हौस. हे म्हणाले, आणून देतो. मला सगळं लिहिलंय. तुम्हाला सांगू नको म्हणून पण लिहिलंय."
"मग सांगितलंस कशाला?"
"तुम्ही ड्रॉपर आणलात. फसवून घेतलेला ड्रॉपर मला बघवत नाही."

तर असं आहे. चार वर्षं तू त्या डोंगरात आहेस आणि रेवसच्या शाळेत बदली हवी आहे, म्हणजे बायको आणि मुलगी जवळ राहतील. मागणी रास्त आहे. ती तू अर्जात लिहायचीस, चपला सांभाळून नाही. केसर काय म्हणते तेही ऐक. जूनपर्यंत बदली झाली नाही तर ती दवाखाना सोडून तिकडे येणार. या पंचक्रोशीत बाळंतपणं नीट करणारी शिकलेली बाई ती एकटी. तिला नर्सिंगला पाठवण्यासाठी मी तुझ्या आईशी, तिच्या बापाशी आणि निम्म्या आळीशी भांडले. ते कोंडगावात तुझी भाकरी थापण्यासाठी नव्हे.
नीरा


कोंडगाव
३० मार्च

ती. आत्यास सा. न.
केसरने सांगितलं, ठीक झालं. मलाही लपवून कंटाळा आला होता.

पण तुझं लिहिणं मला लागलं. अर्ज मी दर वर्षी करतो. अर्ज जातो तिथे आधीचे अर्ज असतात. तू कधी कोणाच्या चपला सांभाळल्या नाहीस, कारण तुला कधी कोणाकडे परत जायचं नव्हतं. माझी मुलगी दोन वर्षांची होईल. दिवाळीला मी उचललं तर केसरच्या पदरात तोंड खुपसून रडली.

पिल्लू जगलं. तू लिहिलंस तसंच्या तसं केलं. पहिले दोन दिवस आशा नव्हती. मग एका सकाळी ड्रॉपर दिसताच कान उभे केले. शेळी ठमी ठाकरणीची. ती रोज दाराशी येऊन दूध काढून देते आणि बोलून जाते. काल म्हणाली, "मास्तर, तुमी सशाची आय झालाव. आता पोरास्नी कोन शिकवनार, ससा?" तिच्या मते त्याला हळद फासली की लवकर मोठा होईल. मी फासली नाही, हे तुला सांगून ठेवतो.

एक अडचण आहे. डिपोटीणबाईंना पांढरा ससा हवा होता. आमच्या वाचनमालेत आहे तसा, लाल डोळ्यांचा. हा मातकट, पाठीवर काळसर. मी त्यांना लिहून कळवलं की लहानपणी रंग असा असतो, मोठेपणी पांढरा होतो. मला खरोखरच तसं वाटत होतं. आता बाळाजी म्हणतो की त्याने जन्मात पांढरा ससा पाहिलेला नाही. होतो ना गं पांढरा?
दत्तात्रेय


अलिबाग
२ एप्रिल

चि. दत्तूस,
मला कोणाकडे परत जायचं नव्हतं हे खरं आहे. पुढे.

नाही, होत नाही. आपल्या रानातला ससा मातकट जन्मतो, मातकट जगतो आणि मातकट मरतो, कारण त्याला मातीत लपायचं असतं. पांढरा तो पिंजऱ्यातला, परदेशी कुळाचा, माणसाने पैदास करून तसा केलेला. चार वर्षं सुधागडच्या रानात राहतोस. भोवताली ससे नांदतात. आणि ससा कसा असतो हे तू वाचनमालेतलं चित्र पाहून ठरवतोस. तुझ्या वर्गातली ठाकरांची मुलं ते चित्र बघून मनात काय म्हणत असतील? ती सभ्य आहेत म्हणून बोलत नाहीत.

खरं वाटत होतं ही सबब मी आजपर्यंत धरते. आज तुला कळलं. आजच त्या बाईंना लिही की ससा असाच राहणार, हवा असेल तर घ्या. उद्यापासून ते खोटं ठरेल, आणि खोटं सांभाळायला शेळीचं दूध पुरत नाही.

पिल्लाचं आता असं कर. टोपलीत कोवळी हरळी ठेव, धुऊन, पुसून, कोरडी. ते कुरतडायला लागलं की दूध हळूहळू कमी. कोबी, भात, चपाती काही नाही. परसात कुडाचं कुंपण घाल, वरून जाळं. मांडीवर घ्यायचं बंद. नाव ठेवलं असशील तर त्या नावाने हाक मारायचं बंद. माणसाला न भिणारा ससा फार दिवस टिकत नाही.

केसर म्हणते, खोकला झाला असेल तर आलं खा. हे तुझ्यासाठी आहे, सशासाठी नाही. तू घोटाळा करशील म्हणून स्पष्ट लिहिते.
नीरा


कोंडगाव
२१ एप्रिल

ती. आत्यास सा. न.
मी त्यांना लिहिलं नाही. रोज उद्यावर टाकलं. शनिवारी हरिहरेश्वर करून परतताना त्या स्वतःच आल्या. जीप शाळेपाशी लागली, साहेब आत हजेरीपत्रक बघत बसले आणि बाई परसात आल्या. पिल्लू आता माझ्या वितीएवढं झालं आहे. चाहूल लागताच कुडाला चिकटून बसलं.

त्या म्हणाल्या, "हा कुठला? आपला पांढरा कुठाय?"
मी म्हटलं, "बाई, हाच तो."
"हा तर घुशीसारखा दिसतो. पांढरा कधी होणार म्हणालात?"

आत्या, तेव्हा मला पावसाळ्यानंतर म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत आली होती. पण दाराशी ठमी उभी होती, तिच्या कडेला शेळीचं करडू होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "होणार नाही. आपल्या रानातले असेच असतात. मी चुकीचं सांगितलं."

बाई हसल्या. "असं होय. मग मास्तर, तुमची बदलीसुद्धा आम्ही अशीच सांगतो. मोठी झाली की होईल पांढरी." एव्हाना परसात आलेले साहेबही हसले. जीपमध्ये बसताना त्या म्हणाल्या, "मुंबईला बाजारात खरे पांढरे मिळतात म्हणे. मे अखेरपर्यंत एक जोडी पाठवलीत तर मी ह्यांना आठवण करीन."

म्हणून विचारतो. केसरला एक दिवस रजा मिळेल का? रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरली की बाजार लांब नाही. संध्याकाळी परत. पैसे मी पाठवतो. खोटं तर यात काहीच नाही, पांढरा तो पांढराच. मला हे लिहायला आवडत नाही, पण जून आता किती लांब आहे?
दत्तात्रेय


अलिबाग
२४ एप्रिल

चि. दत्तूस,
तू खरं बोललास ते वाचून मी पत्र क्षणभर खाली ठेवलं. मग उचलून पुढचं वाचलं. खाली ठेवलं तिथेच थांबायला हवं होतं.

म्हणजे खरं बोलायला तुला एक ठाकरीण आणि एक करडू समोर लागतं. ती दोघं गेली की भित्री भागूबाई परत घरात. आणि आता लाच विकत आणायला बायको. तिने बाळंतिणीला तसंच टाकायचं, लाँचमध्ये उलट्या करणाऱ्या लोकांत बसून मुंबई गाठायची, पिंजरा हातात धरून परत यायचं, कशासाठी? तर तिचा नवरा तिच्याजवळ राहायला लायक आहे, हे एका जीपमधल्या बाईला पटावं म्हणून. त्या बाईचा मला राग नाही. तिला कोणी कधी नाही म्हटलेलं नाही, त्यामुळे तिची बुद्धी वाढायचीच राहिली. साहेब बायकोच्या विनोदावर हसतात, हीच त्यांची विद्वत्ता. पण तू माझ्या भावाचा मुलगा आहेस.

केसरला मी पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं.
"जाणार आहेस?" मी विचारलं.
"कुठे? बाजारात? नाही."
मग आत गेली आणि कागद घेऊन आली. दवाखान्याचा राजीनामा, तारीख न घातलेला. म्हणाली, "आत्याबाई, माणूस तिथे एकटा राहून असा होत चाललाय. अजून दोन वर्षांनी आपण चपला सांभाळतोय हेसुद्धा ह्यांना कळणार नाही. नोकरी गेली तरी चालेल. पण हे हातचे जाऊ नयेत."
"वेडी आहेस."
"असेन. तुम्ही वाचून शुद्धलेखन बघा."

मी शुद्धलेखन पाहिलं. चूक नव्हती. कागद माझ्याकडे ठेवून घेतला आहे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत देणार नाही असं तिला सांगितलं. मग मला अडवता येणार नाही, कारण कागद तिचा आहे. कोणाच्या तरी घरी मूल आडवं आलं असताना ती कोंडगावात तुझ्या शेळीची धार काढत असेल, आणि त्याला जबाबदार तू असशील. मी असं समजून बसले होते की तू नुसता भोळा आहेस. भोळ्या माणसाकडून इतकं नुकसान होत नाही.

ससा वाढला आहे असं दिसतं. त्याबद्दल तक्रार नाही.
नीरा


कोंडगाव
६ मे

ती. आत्यास सा. न.
उत्तराला उशीर केला. आधी करायचं ते केलं, मग लिहितो आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा रागाने मी ते ठमीच्या करडापुढे टाकलं. त्याने एक कोपरा खाल्ला. उरलेलं मी संध्याकाळी परत वाचलं. केसरचं बोलणं तेवढं दोनदा.

ससा पंधरा दिवस निव्वळ हरळीवर होता. आदितवारी मी कुंपण काढलं. तो बराच वेळ तिथेच बसला. मी तुझ्या जुन्या सूचनेप्रमाणे घरात गेलो आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आलो तर जागा मोकळी. बाळाजी विचारतो, "मास्तर, एवढं वाढवलंव, आनि कालवन न्हाय केलं?" आता तो मला पुरता खुळा समजतो. चालेल.

काल मी माझा राजीनामा पालीला जाऊन दिला. त्यावर तारीख घातली आहे. केसरने तिचा फाडावा. मी असा हिशोब केला की माझ्यासारखे मास्तर प्रत्येक वाडीला मिळतात, तिच्यासारखी बाई अलिबागेत एकच. मग हलायचं कोणी? हे मला चार वर्षांत सुचलं नाही, कारण बायकोने नवऱ्याकडे यायचं असतं, त्यापलीकडे मी विचारच केला नव्हता. बाळाजीचा मेहुणा रेवसला लाँचच्या तिकीटखिडकीवर असतो. तो म्हणतो, पावसाळ्यानंतर माणूस लागेल. तोवर मी घरी बसेन. केसर ड्यूटीवर असेल तेव्हा जनीला मी बघेन. ड्रॉपरने दूध पाजून, कापसाने पुसून मी एक जीव जगवला आहे. मुलीला भात भरवणं याहून अवघड नसावं.

लोक हसतील. तू सगळ्यांत आधी हसशील, हे धरून चाललो आहे. शाळेचा चार्ज देऊन शनिवारी निघतो. नागोठण्याला एस.टी. बदलून संध्याकाळपर्यंत पोचेन.
दत्तात्रेय


अलिबाग
८ मे

चि. दत्तूस,
मला हसता येत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं की आधी दुसरी नोकरी बघ, मग राजीनामा दे. एवढं शेंबड्या पोराला कळतं. मला विचारलं नाहीस. बरं झालं.

बायकोच्या पगारावर बसला म्हणून आळीतले लोक बोलतील. सुरुवात समोरच्या सोनूबाईंनी केलीच आहे. सकाळी विहिरीवर म्हणाल्या, "दत्तू येतोय म्हणे नोकरी सोडून? आता घरात काय करणार तो?" मी म्हटलं, "तुमचे यजमान पेन्शनीत आल्यापासून काय करतात?" त्या घागर न भरताच गेल्या. तू त्यांना उत्तरं देऊ नकोस. तुला जमत नाहीत.

केसरला तुझं पत्र दिलं. तिने वाचलं आणि ते घेऊनच ड्यूटीवर गेली. तिचा कागद मी तिच्या हातात परत ठेवला होता. त्याचं काय केलं ते विचारलं नाही.

आता घराचे नियम. पहाटे विहिरीचं पाणी तू आणायचंस. स्वयंपाक एक वेळ मी करते, दुसऱ्या वेळचा तू शीक. वर्तमानपत्र घेऊन ओटीवर बसलेला पुरुष मला दिवसा घरात चालत नाही. संध्याकाळी दोन मुलं गणिताला येतात. त्यांना तू शिकव. त्यांना माझी भीती वाटते आणि त्यामुळे उत्तरं चुकतात.

शनिवारी केसरची पाळी आहे. स्टँडवर कोणी येणार नाही. जनी तुला पाहून रडेल. तिला बोलावू नकोस, खाऊ दाखवू नकोस, माझ्याकडे बघू नकोस. ती दुपारी बाराला जेवते. मऊ भात, तूप, अगदी कमी मीठ, घास लहान. पहिले दोन दिवस ती तोंड फिरवेल आणि भात तुझ्या अंगावर येईल, तेव्हा चांगला सदरा घालू नकोस. रविवारपासून तिला तू भरवायचंस. त्या वेळी मी देवळात जाईन.
नीरा